हातावर ठेवण्याआधी

गेल्या जूनमध्ये माझा भाचा परभणीहून मुंबईत नोकरीला आला. पहिल्याच आठवड्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन. मला वाटलं, लोकलमध्ये पाकीट मारलं की काय! पण तो दबक्या आवाजात विचारत होता, ‘‘मामू, जेवण झालंय. बिल सहाशे सत्तेचाळीस. वेटर शेजारी उभा आहे. किती ठेवू?’’

मी म्हटलं, ‘‘पन्नास ठेव आणि ऊठ.’’

रविवारी तो घरी आला तेव्हा ते बिल खिशात घेऊनच आला. पदार्थांचे पाचशे साठ, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज म्हणजे छपन्न, आणि या दोन्हींवर पाच टक्के जीएसटी. असे सहाशे सत्तेचाळीस झाले होते. त्यावर आणखी पन्नास त्यानं माझ्या सांगण्यावरून ठेवले होते. ‘‘म्हणजे मी दोनदा टिप दिली का हो?’’ असं त्यानं विचारलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पन्नास रुपये गेल्याचं दुःख नव्हतं. शहरानं आपल्याला खेडवळ ठरवलं, हे दुःख होतं. मुंबईत सदतीस वर्षं काढलेल्या मामूनंही बिल न विचारता सल्ला दिला होता, त्यामुळे खेडवळ कोण, हा प्रश्नच होता.

मोठ्या शहरात नव्यानं आलेल्या माणसाला ही भीती सतत असते. द्यावं की नाही? दिलं तर किती? कमी दिलं तर तो तोंड वाकडं करेल, जास्त दिलं तर मनात हसेल, आणि देऊच नये अशा ठिकाणी दिलं तर? गावात हे प्रश्न पडत नाहीत. तिथं पहाटे येणाऱ्या वासुदेवाला सूपभर धान्य द्यायचं, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. शहरात मात्र समोरचा माणूस अनोळखी आणि रिवाजही अनोळखी. म्हणून आज या विषयावर थोडं बोलावं म्हणतो.

आधी शब्द पाहू. शब्दांचा धंदा करणाऱ्याला ती खोड असतेच. मराठीत आपण ‘बक्षिशी’ म्हणतो. हा शब्द फारसीतून आला. ‘बख्शीदन’ म्हणजे देणं, आणि त्याचाच दुसरा अर्थ माफ करणं. आमच्या घरी अम्मी रागावली की आम्ही ‘बख्श दो’ म्हणायचो. त्याच घराण्यातलं ‘बक्षीस’ शाळेत पहिल्या आलेल्या मुलाला मिळतं, आणि ‘बक्षिशी’ हॉटेलातल्या पोऱ्याला. दिवाळीला नोकरमाणसांना देतात ती ‘पोस्त’. ईदेला धाकट्यांना आणि घरी काम करणाऱ्यांना देतात ती ‘ईदी’. कचेरीत टेबलाखालून सरकवतात ती ‘चिरीमिरी’. आणि आम्ही कवी मंडळी कुठं कविता वाचायला गेलो तर आम्हाला देतात ते ‘मानधन’. रक्कम कित्येकदा सारखीच असते. पण मानधन पाकिटात घालून, दोन्ही हातांनी देतात, आणि बक्षिशी चुरगळलेल्या नोटेची घडी करून, दुसरीकडे पाहत. हा फरक लक्षात ठेवा. शेवटी मला त्यावरच यायचं आहे.

नवख्या माणसानं पहिली गोष्ट समजून घ्यावी ती ही की, मजुरी वेगळी आणि बक्षिशी वेगळी. ज्याची मजुरी ठरलेली आहे, त्याला ती आधी पूर्ण द्यावी. माझे अब्बा शिवणकाम करायचे. कापड घेऊन जाताना गिऱ्हाईक दोन रुपये कमी द्यायचं आणि अब्बांच्या मशीनजवळ खेळणाऱ्या माझ्या हातावर मात्र आठ आणे ठेवायचं, ‘पोराला खाऊ’ म्हणून. अब्बा ते आठ आणे परत करायला लावायचे. तेव्हा मला राग यायचा. आता कळतं, हक्काचे दोन रुपये कापून वर आठ आण्यांचं औदार्य त्यांना नको होतं.

टॅक्सी आणि रिक्षा घ्या. मुंबईत ही वाहनं मीटरवर चालतात आणि भाडं सरकार ठरवतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीचे ३१ रुपये ठरले. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के जास्त. रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पलीकडे दक्षिण मुंबईत जात नाही, तिथं टॅक्सीच करावी लागते. या वाहनांत टिप द्यायचा रिवाज नाही. मुंबईचा रिक्षावाला सुटे परत करतो, ही या शहराची जुनी मिरास आहे. मीटरवर सत्तेचाळीस झाले आणि तुम्ही पन्नासची नोट देऊन ‘राहू द्या’ म्हणालात, तर तो खूश होतो. नाही म्हणालात तर तीन रुपये हातावर ठेवतो आणि निघतो. यात कुणाचा अपमान नाही. मात्र त्यानं तुमच्या जड बॅगा डिकीतून काढून जिन्यापर्यंत आणल्या, पावसात फाटकाच्या आत गाडी घातली, तर दहा-वीस रुपये वर द्यावेत. कारण ते मीटरमध्ये मोजलं गेलेलं नाही.

स्टेशनवरचा हमाल म्हणजे लाल डगला आणि दंडावर बिल्ला. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांना ‘सहायक’ म्हणायचं ठरलं, तरी फलाटावर अजून हाक जुनीच ऐकू येते. त्यांचे दर रेल्वेनं ठरवलेले असतात. सामान उचलण्याआधी पैसे बोलून घ्यावेत आणि ठरलं ते द्यावं. डब्यात सामान चढवून झाल्यावर घासाघीस करणं हे बक्षिशी न देण्यापेक्षा कितीतरी वाईट. चाळीस किलोंचं ओझं एकदा डोक्यावरून उतरलं की त्या माणसाच्या हातात सौदा करायला काही उरत नाही, हे आपल्याला माहीत असतं. म्हणूनच ते करू नये.

आता हॉटेल. भाच्याच्या बिलाकडे पुन्हा येऊ. त्या बिलात तीन वेगळ्या गोष्टी होत्या. जीएसटी हा सरकारचा कर. साध्या रेस्टॉरंटमध्ये तो पाच टक्के असतो आणि अडीच-अडीच असा केंद्र आणि राज्य मिळून दोन ओळींत छापलेला असतो. त्यातला पैसाही वेटरला मिळत नाही, आणि तो नाकारताही येत नाही. दुसरा सर्व्हिस चार्ज. हा कर नव्हे. तो हॉटेलवाला आपल्या मनानं लावतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, की हा आकार बिलात आपोआप घालता येणार नाही, दुसऱ्या नावानंही नाही, आणि ग्राहकावर त्याची सक्ती करता येणार नाही. हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, तेव्हा काही काळ सूचनांना स्थगितीही मिळाली. पण २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना योग्य ठरवल्या. म्हणजे बिलात अशी ओळ दिसली तर ‘ही काढून द्या’ असं शांतपणे म्हणावं. काढली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वेटरशी भांडू नये. बिल त्यानं बनवलेलं नसतं.

तिसरी गोष्ट टिप. ही तुमच्या मर्जीची. बसून जेवायच्या बऱ्यापैकी हॉटेलात पाच ते दहा टक्के ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. उडप्याच्या हॉटेलात इडली-कॉफी घेतली तर बडीशेपेच्या ताटलीत दहा-वीस रुपये पुरतात. जिथं उभं राहून, आपली बशी आपणच उचलून खायचं, तिथं काहीच लागत नाही. अमेरिकेहून आलेले आपले पाहुणे वडापावच्या गाडीवरही वीस टक्क्यांचा हिशेब करू लागतात. त्यांचं चुकतं असं नाही. तिथं टिप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्रीय कायद्यानं ठरलेलं किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी दोन डॉलर तेरा सेंटवरच आहे. कित्येक राज्यांत ते जास्त असलं, तरी बाकीची कमाई टिपमधून व्हावी असं धरूनच ती व्यवस्था उभी आहे. जपानमध्ये उलट, टेबलावर पैसे ठेवले तर विसरले म्हणून मागं धावत आणून देतील. ज्या गावाला जावं तिथल्या वेतनाची रीत आधी विचारावी, म्हणजे टिपचा आकडा आपोआप कळतो.

आपल्याकडे मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. ठेवलेले पैसे जातात कुठं? याचं उत्तर मला पुस्तकातून मिळालेलं नाही. १९८८ साली मी मुंबईत आलो तेव्हा सकाळी कॉलेज आणि दुपारपासून रात्रीपर्यंत एका हॉटेलात टेबलावर काम, असं तीन वर्षं केलं. बी.ए. त्याच पैशांवर झालो. आमच्या हॉटेलात गल्ल्याजवळ पत्र्याचा डबा होता. ज्याला जी टिप मिळेल ती त्यानं डब्यात टाकायची, आणि शनिवारी रात्री शटर ओढल्यावर वाटणी व्हायची. वेटरला एक वाटा, भटारखान्यातल्यांना एक, फडका मारणाऱ्या पोऱ्याला अर्धा आणि मोरीवर भांडी घासणाऱ्यालाही अर्धा.

एकदा एका गिऱ्हाइकानं उठताना माझ्या हातात पाचाची नोट दिली. म्हणाला, ‘‘हे तुला हं, खास.’’ त्या दिवशी माझ्याकडे परीक्षेच्या फीमध्ये नेमके तेवढेच कमी होते असं काही नाही. मोह झाला एवढंच. मी नोट सदऱ्याच्या खिशात घातली. वळलो तर मोरीपाशी उभा असलेला मुलगा माझ्याकडे पाहत होता. तो माझ्याहून लहान, तेरा-चौदा वर्षांचा असेल. पाण्यानं त्याची बोटं पांढरी पडून सुरकुतलेली असायची. तो काही बोलला नाही. पुन्हा खाली बसून ताटं घासू लागला. त्यानं शेठला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशी ती रात्र गेली. दुसऱ्या दिवशी मी ती नोट डब्यात टाकली. तो बघतोय ना, याची खात्री करून टाकली, हेही कबूल करतो.

त्या गिऱ्हाइकाला वाटलं होतं, आपल्या जेवणाचं सगळं काम टेबलाशी आलेल्या पोरानं केलं. त्याला दिसलं तेवढं त्यानं दिलं. पण ताट चकाचक होतं ते मोरीवरच्या मुलामुळे. म्हणून टिप ठेवताना हळूच विचारावं, ‘‘हे तुमच्यात वाटलं जातं ना?’’ आजकाल हा प्रश्न जास्तच गरजेचा झाला आहे. काउंटरवरचा क्यूआर कोड मालकाच्या खात्याचा असतो. कार्डावर किंवा यूपीआयनं बिलात मिळवून दिलेली टिप आधी त्याच्या खात्यात जाते. पुढं ती कामगारांपर्यंत पोहोचते की नाही, हे मालकाच्या मनावर. म्हणून बिल हवं तसं भरावं, पण टिपसाठी खिशात दहा-वीसच्या चार नोटा ठेवाव्यात. सुटे पैसे मोडीत निघालेल्या या काळात बक्षिशी बंद पडते आहे ती कंजूषपणामुळे कमी आणि नोटा नसल्यामुळे जास्त.

घरी येणाऱ्या माणसांचा हिशेब निराळा. त्यांना रोजची टिप नसते, वर्षाची असते. घरकाम करणाऱ्या बाईंना दिवाळीला एक महिन्याचा पगार जास्त देण्याची मुंबईत सर्वसाधारण पद्धत आहे. डबेवाल्यांनाही दिवाळीत असाच महिन्याचा जादा आकार देतात. सोसायटीचा वॉचमन, जिने झाडणारा, पेपर टाकणारा मुलगा, कचरा नेणारा यांची पोस्त शेजाऱ्यांना विचारून ठरवावी. एकट्यानं फार जास्त देऊन इतरांची पंचाईत करू नये, आणि ‘मी यंदाच राहायला आलो’ म्हणून हात आखडूही नये. आमच्या मोहल्ल्यात रमजानमध्ये सहरीला उठवणारा माणूस महिनाभर पहाटे अंधारात हाका देत फिरतो आणि ईदेच्या दिवशी दारात येतो. महिनाभर त्यानं काही मागितलेलं नसतं. माझ्या दृष्टीनं तो आणि आमच्या गावचा वासुदेव सख्खे भाऊच. ज्यांचं काम आपण झोपेत असताना होतं, त्यांना वर्षातून एकदा जागेपणी भेटायचं, एवढाच या रिवाजाचा अर्थ.

गॅसच्या सिलिंडरचं अनेकांना कळत नाही. बिलाच्या रकमेत घरपोच आणून देण्याचा खर्च धरलेला असतो, त्यामुळे वर मागण्याचा हक्क कुणाला नाही. ‘सगळे देतात’ म्हणून कोणी अडून बसलं तर नाही म्हणावं. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर तो सिलिंडर खांद्यावरून येतो, तेव्हा आधी गार पाणी आणि मग वीस रुपये, हे मी देतो. मागितलेलं देणं आणि आपण होऊन देणं, यांत फरक आहे.

याच फरकावरून बक्षिशी आणि लाच वेगळी ओळखता येते. बक्षिशी कामानंतर, आपल्या खुशीनं. लाच कामाआधी, किंवा काम अडवून. सरकारी कचेरीत, पोलीस ठाण्यात, दाखल्यासाठी, शिक्क्यासाठी ‘चहापाण्याचं बघा’ म्हटलं जातं, ती बक्षिशी नव्हे, मग शब्द कितीही गोड असोत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनं लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केल्यास त्याला संरक्षण आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. आणि ‘आधी’चा हा रोग फक्त सरकारी कचेरीपुरता नाही. मोबाइलवर गाडी बोलावताना ‘लवकर हवी तर आधी टिप द्या’ अशी सोय निघाली, तेव्हा मे २०२५ मध्ये ग्राहक प्राधिकरणानं कंपनीला नोटीस काढली. जी टिप आधी मागतात ती टिप राहत नाही, ते भाडंच होतं.

हे सगळं मला समजतं, असं तुम्हाला वाटेल. म्हणून एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी अम्मीला एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात दाखल केलं होतं. रात्री तिला तपासणीसाठी वरच्या मजल्यावर न्यायचं होतं आणि लिफ्ट बंद. मी एकटा, घाबरलेला. तेवढ्यात एक मळक्या शर्टातला, पायांत रबरी चपला असलेला माणूस पुढं आला. काही न विचारता त्यानं स्ट्रेचरची दुसरी बाजू धरली. जिन्याच्या वळणावर तो ‘सांभाळून, मावशी’ म्हणत होता. वर पोहोचल्यावर मी घाम पुसला आणि सवयीनं पन्नासची नोट त्याच्या हातात कोंबली. त्याच्याकडे नीट न पाहता.

त्यानं ती नोट उलगडून सरळ केली आणि मला परत दिली. म्हणाला, ‘‘दादा, मी इथं कामाला नाही. माझी आई खालच्या वॉर्डात आहे.’’

मला जमीन फाटून आत घ्यावं असं झालं. चुकीच्या माणसाला पैसे दिले, एवढ्यावर ते संपत नव्हतं. मी त्याचे कपडे पाहिले आणि त्याची किंमत ठरवली होती. तो खरंच वॉर्डबॉय असता तरी तशी, तोंड फिरवून, नोट कोंबायचा मला काय अधिकार होता? मी माफी मागितली. तो म्हणाला, ‘‘चहा पाजा.’’ रात्री दोन वाजता फाटकाबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा प्यायलो. पैसे मी दिले. बिस्किटाचे त्यानं दिले, मला देऊ दिले नाहीत. अम्मीचं नाव, त्याच्या आईचं नाव, दोघींचे आजार, सगळं बोलून झालं. अम्मी पुढं बरी होऊन घरी आली. त्याच्या आईचं काय झालं, ते मला कळलं नाही. मी त्याचा फोन नंबर घ्यायचा विसरलो.

तेव्हापासून मी काही पथ्यं पाळतो, तीच भाच्याला सांगितली. बिल वाचल्याशिवाय टिप ठेवू नकोस. मजुरीत घासाघीस करून बक्षिशीत मोठेपणा मिरवू नकोस. काम होण्याआधी देऊ नकोस, अडवणाऱ्याला तर नकोच. ऐपत नसेल तेव्हा देऊ नकोस. नीट ‘आभारी आहे’ म्हटलंस तरी कुणी तुला खेडवळ समजणार नाही. आणि समोरचा घेईल की नाही याची शंका असेल, तर आधी त्याच्याकडे बघ. काय काम करतो, ते विचार. काही मदतींना चहाच बरोबर असतो.

आणि देशील तेव्हा नोट चुरगळू नकोस. ती सरळ कर, माणसाकडे बघ आणि हातात दे. कार्यक्रमानंतर मला मानधनाचं पाकीट देतात ना, तसं. मानधन या शब्दात ‘मान’ आधी येतो आणि ‘धन’ मागून. बक्षिशीलाही तोच क्रम लागू पडतो.

मागच्या महिन्यात भाच्याचा पुन्हा फोन आला, या वेळी हळू आवाजात नव्हता. म्हणाला, ‘‘मामू, त्याच हॉटेलात आहे. सर्व्हिस चार्ज काढायला लावला. त्या वेटरला चाळीस रुपये हातात दिले आणि विचारलं, आत भांडी घासणाऱ्यालाही मिळतात का?’’

‘‘मग?’’

‘‘तो हसला. म्हणाला, पहिल्यांदाच कुणीतरी त्याचं विचारलं.’’